सेवागुणता, वितरित बहुमाध्यमी उपयोजनांची

ध्वनी, चलत् चित्र, स्थिर चित्र, मजकूर आणि उपकरणांनी घेतलेली मापने अशी निरनिराळ्या स्वरूपांची माहिती परस्परांशी जुळवून एकाच वेळी हाताळणारे आणि एकमेकांपासून दूर असलेल्या अनेक संगणकांवर मिळून चालणारे जे उपयोजन असते, त्यास वितरित बहुमाध्यमी उपयोजन म्हणतात. अशा उपयोजनास संदेशवहनाच्या जाळ्याकडून व त्यात गुंतलेल्या संगणकांकडून कोणत्या दर्जाची सेवा मिळावयास हवी, हे मोजता येण्याजोग्या राशींत व्यक्त करणे म्हणजे त्याच्या सेवागुणतेचे विनिर्देशन होय. दूरस्थ वैद्यकीय सल्ला, जाळ्यावरून चालणारे वर्ग, दूरचित्र-परिषद आणि मागणीनुसार दाखविले जाणारे चित्रपट ही अशा उपयोजनांची परिचित उदाहरणे आहेत. यांपैकी बहुतेक आता विश्वव्यापी जाळ्यामार्फत (वेबमार्फत) न्याहाळकातच चालतात.

आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या ई.८०० या शिफारशीत सेवागुणतेची व्याख्या दिलेली आहे. ग्राहकाच्या सांगितलेल्या व गृहीत असलेल्या गरजा भागविण्याच्या क्षमतेवर परिणाम करणारे सेवेचे सर्व गुणधर्म, असा तिचा आशय आहे. यातील ‘गृहीत असलेल्या’ हे शब्द महत्त्वाचे होत. डॉक्टरांशी बोलणारा रुग्ण ‘माझा आवाज १५० मिलिसेकंदांत पोहोचला पाहिजे’ असे कधी म्हणत नाही. पण आवाज उशिरा पोहोचू लागला की, तो बोलता बोलता थांबतो, पुन्हा बोलतो, दोघे एकदम बोलू लागतात आणि अखेर सांगावयाचे ते सांगितले जात नाही. न बोललेली ही गरज आकड्यांत लिहून काढणे हे विनिर्देशन करणाऱ्याचे काम असते.

दूरध्वनीच्या जुन्या पद्धतीत हा प्रश्न वेगळ्या स्वरूपाचा होता. संभाषण सुरू झाले की, एक संपूर्ण मंडल त्या दोघांच्या स्वाधीन होई. ते न मिळाल्यास संभाषणच होत नसे. म्हणून तेथे मंडल न मिळण्याची संभाव्यता हाच गुणतेचा मुख्य निकष होता. डॅनिश गणिती आग्नर क्रारुप एर्लांग यांनी १९०९ व १९१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधांत या संभाव्यतेचे गणित मांडले. याउलट आजच्या जाळ्यांत माहितीची लहान लहान पुडकी (पॅकेट) करून ती सामाईक मार्गावरून पाठविण्यात येतात. येथे सहसा कोणाला नकार मिळत नाही. गर्दी झाली की सर्वांचीच सेवा थोडी थोडी खालावते. जाळे आपल्याकडून होईल तितके करते, पण कशाचीही हमी देत नाही. या सेवेस यथाशक्ती सेवा म्हणता येईल. मजकूर किंवा पत्र पाठविण्यास ती पुरेशी आहे. संभाषणास ती पुरेलच असे नाही.

गुणतेच्या राशी : पहिली राशी म्हणजे बिटत्वरा, म्हणजे एका सेकंदात वाहून नेता येणाऱ्या बिटांची संख्या. दूरध्वनीच्या दर्जाच्या आवाजाचे सेकंदाला ८,००० नमुने घेऊन प्रत्येक नमुना ८ बिटांत लिहिला असता ६४ किलोबिट/सेकंद इतकी त्वरा लागते. हा आवाज २० मिलिसेकंदांच्या तुकड्यांत पाठविल्यास प्रत्येक तुकडा १६० बाइटांचा होतो; त्यावर पत्ता, क्रमांक व वेळ लिहिण्यासाठी आणखी ४० बाइट लागतात आणि प्रत्यक्षात ८० किलोबिट/सेकंद खर्च होतात. म्हणजे पाचवा हिस्सा वेष्टनातच जातो. चलत् चित्राची भूक याहून फार मोठी असते. आडवे ६४० व उभे ४८० बिंदू असलेल्या रंगीत चित्राच्या सेकंदाला २५ चौकटी जशाच्या तशा पाठविल्या, तर १८४ मेगाबिट/सेकंदांहून अधिक त्वरा लागेल. संक्षेपणाच्या तंत्रामुळे हीच चित्रे एक मेगाबिट/सेकंद किंवा त्याहूनही कमी त्वरेत बसविता येतात. मात्र संक्षेपण जितके अधिक, तितके एखादे पुडके हरविल्याचे नुकसान मोठे असते. कारण पुढच्या अनेक चौकटी मागच्या चौकटीच्या आधारे रचलेल्या असतात.

सर्वसामान्य ग्राहकास व जाहिरातींस बिटत्वरा एवढीच राशी ठाऊक असते. बहुमाध्यमी उपयोजनांच्या बाबतीत मात्र विलंब ही अधिक निर्णायक राशी ठरते. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या जी.११४ या शिफारशीप्रमाणे एका दिशेने १५० मिलिसेकंदांपर्यंतचा विलंब बहुतेक संभाषणांस बाधक होत नाही आणि जाळ्याची आखणी करताना ४०० मिलिसेकंदांची मर्यादा ओलांडू नये. पुणे जिल्ह्यातच याचे जुने उदाहरण आहे. जुन्नर तालुक्यातील आर्वी येथे १९७१ मध्ये उपग्रह संदेशवहनाचे भूस्थानक सुरू झाले व पुढे त्यास विक्रम साराभाई यांचे नाव देण्यात आले. भूस्थिर उपग्रह विषुववृत्ताच्या वर सुमारे ३६,००० किमी. उंचीवर असतो. तेथवर जाऊन परत जमिनीवर येण्यास रेडिओ तरंगांना सुमारे पाव सेकंद लागतो. त्यामुळे अशा मार्गाने परदेशी बोलणाऱ्यास उत्तर येण्यास अर्धा सेकंद वाट पाहावी लागे आणि ज्यांना सवय नव्हती त्यांना पलीकडचा मनुष्य विचारात पडला आहे असे वाटे. एकाच संभाषणात असे दोन उपग्रह-टप्पे आले तर ४०० मिलिसेकंदांची मर्यादा मोडते. म्हणून ते टाळण्याची पद्धत होती. [⟶ उपग्रह, कृत्रिम, संदेशवहन].

प्रकाशीय तंतूंत अंतराचा विलंब नगण्य असतो. काचेत प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किमी. जातो, म्हणजे पुणे–सोलापूर महामार्गावरील लोणी देवकर (ता. इंदापूर) या गावाहून पुण्यास संदेश पोहोचण्यास तंतूतला वेळ एक मिलिसेकंदाच्या आसपास भरेल. तरीही तेथील ग्राहकाचे संभाषण अडखळते, याचे कारण अंतर नसून रांग हे असते. एक मेगाबिट/सेकंद त्वरेच्या मार्गावर १,००० बाइटांचे पुडके सोडण्यास ८ मिलिसेकंद लागतात. पुडकी यदृच्छया येत असतील व त्यांची लांबी साध्या सांख्यिकीय नियमाने बदलत असेल, तर रांगसिद्धांतानुसार मार्ग निम्मा भरलेला असताना एका पुडक्यास सरासरी १६ मिलिसेकंद लागतात. तो ९० टक्के भरला की ८० मिलिसेकंद व ९५ टक्के भरला की १६० मिलिसेकंद. शेवटच्या पाच टक्क्यांनी विलंब दुप्पट होतो आणि संभाषणाची मर्यादा ओलांडली जाते. मार्गाचा पुरेपूर उपयोग व्हावा ही हिशेबनिसाची इच्छा आणि संभाषण सुरळीत व्हावे ही ग्राहकाची इच्छा या दोन्ही एकदम पुऱ्या होत नाहीत, हे या आकड्यांवरून दिसून येईल.

विलंब स्थिर असता तरी त्यास तोंड देणे सोपे होते. प्रत्येक पुडक्याचा विलंब निराळा असतो व या फरकास विलंब-चलन म्हणतात. ते निस्तरण्यासाठी ग्राही संगणक आलेली पुडकी लगेच न वाजविता थोडा वेळ साठवून ठेवतो व ठरलेल्या तालावर वाजवितो. साठा मोठा ठेवला तर तुटकपणा जातो, पण एकूण विलंब वाढतो. लहान ठेवला तर उशिरा आलेली पुडकी टाकून द्यावी लागतात. चित्रपट पाहताना दहा सेकंदांचा साठा कोणास खुपत नाही. संभाषणात मात्र पन्नास-साठ मिलिसेकंदांवर साठा नेणे महागात पडते. हरविलेल्या पुडक्यांचे प्रमाण (हानी) ही आणखी एक राशी होय. आवाजातील शंभरापैकी एखादे पुडके गेले तर शेजारच्या पुडक्यांवरून ते भरून काढता येते, पण क्ष-किरण चित्रातील एकही बिट गहाळ होऊन चालत नाही. याखेरीज ओठांची हालचाल व आवाज यांची समकालिकता पाहावी लागते. राल्फ स्टाइनमेट्झ यांनी १९९० नंतरच्या दशकात केलेल्या प्रयोगांत या दोहोंतील ८० मिलिसेकंदांपर्यंतचा फरक प्रेक्षकांच्या ध्यानात येत नाही, तर १६० मिलिसेकंदांहून अधिक फरक खटकतो, असे आढळले.

ग्रामीण भागात उपलब्धता ही राशी या सर्वांच्या आधी येते. महिन्याच्या ७२० तासांपैकी ९९ टक्के वेळ सेवा चालू होती असे म्हणताना ७ तासांहून अधिक वेळ ती बंद होती, हे त्यातच आले. ९९.९ टक्के म्हटले तर ही वेळ सुमारे ४३ मिनिटांवर येते. पण ते सात तास रात्री पडले की बाह्यरुग्ण विभागाच्या वेळेत पडले, हे टक्केवारीतून कळत नाही. वीज गेल्यावर विजेरी किती तास टिकेल हा वरवर यंत्रशास्त्राबाहेरचा वाटणारा प्रश्नही म्हणून विनिर्देशनात घालावा लागतो.

वाटपाच्या पद्धती : अपुरे साधन अनेकांत वाटावयाचे आणि तरीही प्रत्येकास काही निश्चित शब्द द्यावयाचा, ही अडचण बारामती व इंदापूर तालुक्यांतील कालव्याच्या शेतकऱ्यास नवी नाही. या तालुक्यांतून जाणाऱ्या नीरा डाव्या कालव्यावर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी गट (ब्लॉक) पद्धत आणली. तीत नेमून दिलेल्या गटास ठराविक वर्षे पाण्याची हमी असे आणि गटाबाहेरील क्षेत्रास ती नसे. महाराष्ट्रात रूढ असलेल्या शेजपाळीत हंगामाआधी नमुना नंबर ७ वर पाणी अर्ज मागविले जातात, धरणातील साठा पाहून क्षेत्र मंजूर होते आणि आवर्तन सुटले की चारीवर पाळीने पाणी दिले जाते. सामान्यतः ही पाळी शेपटाकडून (टेलकडून) मुखाकडे नेण्याचा संकेत आहे. कारण मुखाजवळच्यांना आधी दिले तर शेपटापर्यंत पाणी पोहोचत नाही, हा अनुभव जुना आहे. पिण्याच्या पाण्यास या सर्वांआधी प्राधान्य असते.

संगणक जाळ्यांतील पद्धतींचे या पद्धतींशी बरेच साम्य आहे. इंटरनेटच्या मानके ठरविणाऱ्या मंडळींनी १९९४ मध्ये एकात्मीकृत सेवांचा आराखडा मांडला आणि १९९७ मध्ये साधने राखून ठेवण्याचा आरएसव्हीपी हा संकेत प्रसिद्ध केला. यात प्रत्येक प्रवाहाने आपली गरज आधी सांगावयाची, वाटेवरील प्रत्येक मार्गयोजकाने (राउटरने) शिल्लक पाहून होकार किंवा नकार द्यावयाचा आणि होकार मिळाल्यास तेवढी त्वरा राखून ठेवावयाची, अशी योजना होती. पाणी अर्ज व मंजुरी यांचेच हे रूप होय. ती योजना खुल्या इंटरनेटवर रुजली नाही. एका मोठ्या मार्गयोजकातून एकाच वेळी लक्षावधी प्रवाह जातात व प्रत्येकाचा हिशेब ठेवणे त्यास झेपत नाही. शिवाय वाट अनेक कंपन्यांच्या हद्दींतून जाते आणि मधल्या कंपनीने परक्या ग्राहकासाठी आपले साधन का अडकवून ठेवावे, याचे उत्तर कोणापाशी नव्हते. म्हणून १९९८ मध्ये विभेदित सेवांचा सोपा मार्ग पुढे आला. त्यात प्रत्येक पुडक्यावर सहा बिटांची खूण असते व खुणेप्रमाणे त्यास पुढे किंवा मागे घेण्यात येते. येथे प्रवाहाला वैयक्तिक हमी नसून वर्गाला प्राधान्य असते, आणि खुणेला मान केवळ ती मानणाऱ्या जाळ्यातच मिळतो.

साम्य असले तरी एक भेद विसरता कामा नये. पाणी चार दिवस उशिरा आले तरी उसास काही प्रमाणात उपयोगी पडते. उशिरा आलेले आवाजाचे पुडके सर्वस्वी निरुपयोगी असते. तसेच न वापरलेले पाणी धरणात राहते, पण या क्षणी न वापरलेली बिटत्वरा पुढच्या क्षणासाठी उरत नाही. यामुळे राखून ठेवलेली पण रिकामी असलेली त्वरा इतरांस तात्पुरती वापरू देणे हे जाळ्यात शहाणपणाचे ठरते.

विनिर्देशनाची रचना : गुणतेचे विनिर्देशन तीन पातळ्यांवर लिहिण्यात येते. वापरणाऱ्याच्या पातळीवर ‘चेहरा ओळखू यावा’, ‘खोकल्याचा आवाज स्पष्ट ऐकू यावा’ अशी भाषा असते. उपयोजनाच्या पातळीवर चौकटींची संख्या, चित्राचे बिंदू, नमुन्यांची कंप्रता यांची. आणि जाळ्याच्या पातळीवर वर दिलेल्या राशींची. एका पातळीवरून खालच्या पातळीवर रूपांतर करताना माहितीचा अर्थ पालटू नये, ही यातील खरी कठीण पायरी आहे. प्रत्येक राशीसाठी हमी कोणत्या प्रकारची, हेही नमूद करावे लागते. निश्चित हमीत मर्यादा एकदाही मोडू नये अशी अपेक्षा असते. सांख्यिकीय हमीत ‘१०० पैकी ९५ पुडकी इतक्या वेळात’ असे म्हटलेले असते. तिसऱ्या प्रकारात हमीच नसते. केवळ सरासरी सांगणे हा फार प्रचारात असलेला दोष आहे, कारण सरासरी उत्तम असूनही दर मिनिटाला दोन सेकंद संभाषण तुटू शकते.

उदाहरणादाखल लोणी देवकरसारख्या गावातून आरोग्यसेविका रुग्णाला समोर बसवून तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या ठिकाणच्या डॉक्टरांशी बोलत आहे, असे समजू. भारत सरकारची इ-संजीवनी ही अशा सल्ल्याची सेवा नोव्हेंबर २०१९ मध्ये सुरू झाली व एप्रिल २०२० पासून रुग्णांना घरूनही सल्ला घेण्याची सोय तीत झाली. तिची संगणकीय प्रणाली प्रगत संगणन विकास केंद्राच्या (सी-डॅकच्या) मोहाली येथील शाखेने विकसित केली आहे. आपल्या कल्पित सत्रात चार प्रवाह असतील. आवाजास ८० किलोबिट/सेकंद, १०० पैकी ९५ पुडक्यांना एका दिशेने १५० मिलिसेकंदांहून कमी विलंब आणि १ टक्क्यापर्यंत हानी चालेल. चित्रास ६०० किलोबिट/सेकंद, सेकंदाला किमान १५ चौकटी आणि आवाजापासून ८० मिलिसेकंदांच्या आतील फरक हवा. हृद्विद्युत् आलेखाच्या बारा रेषांपैकी आठच स्वतंत्र असतात; त्यांचे सेकंदाला ५०० नमुने १६ बिटांत घेतल्यास ६४ किलोबिट/सेकंद भरतात, म्हणजे संक्षेपण न केलेल्या आवाजाइतकेच. येथे हानी शून्य हवी, पण दोन-तीन सेकंदांचा विलंब चालतो. चौथा प्रवाह क्ष-किरण चित्राचा. २,००० × २,५०० बिंदूंचे चित्र प्रत्येकी दोन बाइट धरून एक कोटी बाइटांचे होते. एक मेगाबिट/सेकंद त्वरेच्या मार्गावर दुसरे काही नसताना ते जाण्यास ८० सेकंद लागतात.

आता हे क्ष-किरण चित्र संभाषण चालू असतानाच धाडले, तर काय होते ते पाहण्यासारखे आहे. चित्राची पुडकी गावाकडील मार्गयोजकाच्या साठ्यात भराभर जमतात. हा साठा ६४,००० बाइटांचा असेल, तर तो रिकामा होण्यास अर्ध्या सेकंदाहून अधिक वेळ लागतो आणि आवाजाच्या प्रत्येक पुडक्यास या संपूर्ण रांगेच्या मागे उभे राहावे लागते. डॉक्टर ‘ऐकू येत नाही’ म्हणतात, आरोग्यसेविका चित्र बंद करते, तरी सुधारणा होत नाही, आणि दोष कंपनीच्या वेगावर ढकलला जातो. प्रत्यक्षात वेग ठरल्याप्रमाणेच असतो. आवाजास वेगळी रांग दिली, किंवा साठा फुगू न देणारी रांग-व्यवस्था (उदा., २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेली एफक्यू-कोडेल पद्धती) मार्गयोजकात बसविली, तर त्याच एक मेगाबिटात चारही प्रवाह नांदू शकतात, क्ष-किरण चित्र पोहोचण्यास काही मिनिटे लागतील इतकेच.

म्हणून चांगल्या विनिर्देशनात मर्यादांच्या जोडीने तडजोडीचा क्रमही लिहिलेला असतो. त्वरा घटली तर प्रथम चित्राचे बिंदू कमी करावेत, मग चौकटी, मग चित्र थांबवून स्थिर छायाचित्र ठेवावे. आवाज सर्वांत शेवटी सोडावा. त्वचारोगाच्या सल्ल्यात मात्र हा क्रम उलटा असू शकेल. चौकटी कितीही कमी चालतील, पण बिंदू व रंग कमी होता कामा नयेत. क्रम ठरविण्याचा अधिकार त्यामुळे अभियंत्याचा नसून त्या त्या कामाच्या जाणकाराचा आहे. असे क्रम व मर्यादा औपचारिक रीतीने लिहिता याव्यात म्हणून १९९८ मध्ये ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीच्या संशोधकांनी क्यूएमएल ही भाषा सुचविली. तीत गुणतेचा करार हा कार्यक्रमाच्या मजकुरापासून वेगळा लिहिता येतो व तोच करार अनेक सेवांना जोडता येतो.

विश्वव्यापी जाळ्यावरील व्यवहार : वेबची मूळ रचना दस्तऐवजांसाठी झाली. तिच्याखालचा टीसीपी हा संकेत हरविलेले प्रत्येक पुडके पुन्हा मागवून घेतो. दस्तऐवजास हे योग्यच आहे, पण संभाषणात पुन्हा मागविलेले पुडके येईपर्यंत त्याची वेळ टळून गेलेली असते. म्हणून आवाज व चित्र यांच्यासाठी प्रत्येक पुडक्यावर क्रमांक व वेळ नोंदविणारा आरटीपी हा निराळा संकेत १९९६ मध्ये आला. जून १९९८ मध्ये विश्वव्यापी जाळे संघाने शिफारस केलेल्या स्माइल या भाषेत लेखकास एकाच आशयाची अनेक रूपे देऊन उपलब्ध बिटत्वरेनुसार त्यांपैकी कोणते दाखवावे, हे लिहिण्याची सोय होती. ही भाषा फारशी प्रचारात आली नाही; तिच्यातील पर्यायांची कल्पना मात्र टिकली. आजची चित्रपटसेवा याच कल्पनेवर चालते. चित्रपटाचे काही सेकंदांचे तुकडे करून प्रत्येक तुकडा अनेक दर्जांत तयार ठेवतात. त्यांची यादी ग्राही संगणकास देतात व तो आपला साठा आणि अलीकडचा वेग पाहून पुढचा तुकडा कोणत्या दर्जाचा मागवावयाचा ते ठरवितो. डॅश या नावाने हे तंत्र २०१२ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक झाले. यात जाळ्याकडे काहीच मागितले जात नाही. जे मिळेल त्यात भागविले जाते.

थेट संभाषणासाठी न्याहाळकात वेब-आरटीसी हे साधन असून त्यास जानेवारी २०२१ मध्ये अंतिम शिफारशीचा दर्जा मिळाला. त्यात चित्राची रुंदी, उंची व चौकटींची संख्या यांसाठी किमान, कमाल, आदर्श किंवा नेमके असे मूल्य सांगता येते. त्वरा अपुरी पडल्यास बिंदू राखावेत की चौकटी, असा कलही सुचविण्याची कल्पना मानककारांनी मांडलेली आहे. म्हणजे विनिर्देशन अंशतः पुन्हा उपयोजनाच्या हाती आले आहे. उणीव एवढीच की, हे विनिर्देशन दोन टोकांच्या संगणकांना बांधते, मधल्या वाटेला नाही.

भारतातील निकष : भारतीय दूरसंचार विनियामक प्राधिकरणाने (स्थापना १९९७) रुंदपट्ट (ब्रॉडबँड) सेवेच्या गुणतेचे विनियम २००६ मध्ये काढले. त्यांत पुडक्यांची हानी १ टक्क्याहून कमी असावी आणि जाऊन-येऊन विलंब देशातील आंतरराष्ट्रीय द्वारापर्यंत १२० मिलिसेकंदांहून, परदेशातील जोडस्थानापर्यंत भूमार्गे ३५० व उपग्रहमार्गे ८०० मिलिसेकंदांहून कमी असावा, असे निकष होते. विलंब-चलनाचा त्यांत समावेश नव्हता. रुंदपट्ट म्हणजे किती, याची व्याख्याही पालटत गेली : २००४ च्या धोरणात २५६ किलोबिट/सेकंद, २०१३ मध्ये ५१२ किलोबिट/सेकंद व २०२३ मध्ये २ मेगाबिट/सेकंद. स्थिर, फिरत्या व रुंदपट्ट सेवांचे वेगवेगळे विनियम एकत्र करून नवे विनियम ऑगस्ट २०२४ मध्ये अधिसूचित झाले व ऑक्टोबरपासून अंमलात आले.

या निकषांतील आकड्यांपेक्षा ते कोणत्या क्षेत्रावर व किती काळावर मोजावयाचे, हा प्रश्न गावाच्या दृष्टीने अधिक मोलाचा आहे. जुन्या विनियमांत सेवादात्याचा अहवाल परवाना-क्षेत्रागणिक व तिमाहीचा असे. महाराष्ट्र हे परवाना-क्षेत्र मुंबई वगळून पण गोवा धरून आहे. पुणे, नागपूर, पणजी यांच्या दाट जाळ्यांसह काढलेल्या सरासरीत उजनी जलाशयाच्या काठच्या एखाद्या गावातील संध्याकाळचे तीन तास कोठे दिसणार? औद्योगिक वसाहत असलेल्या लोणी देवकरसारख्या गावात तर एकाच वाटेवर दिवसा कारखान्यांची व रात्री घरांची गर्दी होऊ शकते, आणि तिमाहीची सरासरी दोन्ही झाकून टाकते. नव्या विनियमांनी फिरत्या सेवेचे मूल्यमापन मासिक करण्याचे ठरविले, हे योग्य दिशेचे पाऊल होय. परंतु क्षेत्र लहान केल्याखेरीज काळ लहान करण्याचा लाभ अर्धाच मिळतो.

ग्रामपंचायतींना प्रकाशीय तंतूने जोडण्याची योजना २०११ मध्ये मंजूर झाली व पुढे तिला भारतनेट हे नाव मिळाले. प्रत्येक ग्रामपंचायतीस १०० मेगाबिट/सेकंद हे तिचे उद्दिष्ट होते. तिच्या पहिल्या टप्प्यात वापरलेल्या निष्क्रिय प्रकाशीय जाळ्याच्या (जीपॉन) तंत्रात गटाच्या ठिकाणाहून निघालेला एक तंतू फोडून अनेक गावांत वाटला जातो. खाली येणारी सुमारे २.५ गिगाबिट/सेकंद व वर जाणारी सुमारे १.२५ गिगाबिट/सेकंद त्वरा सर्वांची सामाईक असते. वर जाणाऱ्या त्वरेच्या वाटपासाठी या तंत्राच्या मानकातच पाच प्रकारची पात्रे सांगितली आहेत. त्यांत कायम राखलेली, हमीची, हमीवर उरलेल्यातून मिळणारी, यथाशक्ती व या सर्वांचे मिश्रण असे भेद आहेत. आरोग्य उपकेंद्राच्या आवाजास हमीचे पात्र देण्याची सोय अशा रीतीने यंत्रात असते. ती वापरावयाची तर कोणत्या प्रवाहास काय लागते, हे कोणीतरी आधी लिहून द्यावे लागते, आणि विनिर्देशनाचे हे काम यंत्राबरोबर आपोआप येत नाही.

गरज आधी लिहिली नाही तर काय होते, हे वारणानगरच्या प्रकल्पावरून दिसते. कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांतील सुमारे ७० गावांत १९९८ मध्ये ‘वायर्ड व्हिलेज’ प्रकल्पाने संगणक-केंद्रे उभारण्यात आली. त्यांवरून शेतीविषयक व इतर बहुविध माहिती मिळावी, असा हेतू होता. काही वर्षांनी पाहणी केली असता केंद्रांचा उपयोग मुख्यतः उसाचे वजन, खते व देयके यांच्या नोंदींपुरता होत असल्याचे आढळले. मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी मग सात गावांत संगणकांऐवजी भ्रमणध्वनीवरून लघुसंदेशांनी हीच सेवा देण्याचा प्रयोग केला व तो यशस्वी झाल्याचे २००७ मध्ये नोंदविले. त्या कामास १६० अक्षरे पुरत होती. विलंब मिनिटाचा असला तरी चालत होते. बारामती येथे ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने मायक्रोसॉफ्ट व ऑक्सफर्ड विद्यापीठ यांच्या सहकार्याने उसासाठी चालविलेल्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रकल्पातही जमिनीतील संवेदकांकडून येणारी मापने थोड्याच बाइटांची असतात. त्यांना त्वरा जवळजवळ लागत नाही. विजेरी टिकणे व मापन न हरविणे हीच त्यांची गुणता. उपग्रह-चित्रांचा प्रवाह मोठा, पण त्यास घाई नाही.

प्राधान्याचा प्रश्न तांत्रिक राहत नाही, कारण एकास पुढे घेणे म्हणजे दुसऱ्यास मागे ठेवणे होय. प्राधिकरणाने फेब्रुवारी २०१६ मध्ये आशय पाहून वेगवेगळे दर आकारण्यास मनाई केली. नोव्हेंबर २०१७ मधील त्याच्या शिफारशींवरून केंद्र शासनाने २०१८ मध्ये जाळ्याच्या तटस्थतेचे तत्त्व स्वीकारले. सेवादात्याने कोणाचा आशय अडवू नये, मंद करू नये वा पैसे घेऊन पुढे काढू नये, असे ते तत्त्व आहे. ज्यांना गुणतेची निश्चित हमी लागते अशा विशेषित सेवा त्यातून वगळण्यात आल्या असून त्या सर्वसामान्य इंटरनेटची जागा घेणाऱ्या नसाव्यात व तिच्या दर्जास बाधक होऊ नयेत, अशी अट आहे. दूरस्थ वैद्यकीय सेवेचा विचार या अपवादात करता येतो. परंतु ‘बाधक होऊ नयेत’ याची पडताळणी करावयाची, तर सामान्य सेवेचा विलंब, विलंब-चलन व हानी ही गावागणिक व तासागणिक मोजलेली असावी लागतात, आणि अपवाद मागणाऱ्या सेवेनेही आपली गरज राशीगणिक मांडलेली असावी लागते.